६५,५३६व्या ओळीनंतर : इंग्लंडच्या राहून गेलेल्या नोंदी आणि डेस्कटॉप डेटाबेस

शुक्रवार, २ ऑक्टोबर २०२० रोजी ब्रिटनने जाहीर केलेला कोरोनाच्या नव्या रुग्णांचा आकडा होता ६,९६८. शनिवारी तो १२,८७२ झाला आणि रविवारी २२,९६१. साथ दोन दिवसांत तिप्पट झाली नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले इंग्लंडमधले १५,८४१ रुग्ण मोजायचेच राहून गेले होते, ते शनिवार-रविवारच्या आकड्यांत एकदम घातले गेले.

कारण बाहेर आलं तेव्हा जगभर टिंगल झाली. एवढ्या मोठ्या देशाची साथीची मोजणी एक्सेलच्या जुन्या फाइलमधून चालत होती आणि ती फाइल भरली होती. पण सभासदांची, विद्यार्थ्यांची, रुग्णांची यादी एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांनी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, फार हसू नये. डेटाबेसची ओळख करून देताना टेबल, रेकॉर्ड, प्रायमरी की यांच्या व्याख्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिण्याची पद्धत आहे. त्या व्याख्या पाठ होतात, पण त्या कशासाठी हे कळत नाही. त्यापेक्षा हे एकच प्रकरण नीट उलगडलं तर त्यातली प्रत्येक गोष्ट का लागते ते आपोआप पुढे येतं.

घडलं ते असं

इंग्लंडमध्ये तेव्हा कोरोनाच्या चाचण्या दोन मार्गांनी होत होत्या. एक मार्ग रुग्णालयांच्या आणि सरकारी आरोग्ययंत्रणेच्या प्रयोगशाळांचा. दुसरा खासगी कंपन्यांच्या मदतीने उभारलेल्या मोठ्या प्रयोगशाळांचा. सामान्य माणसांच्या बहुतेक चाचण्या इथे होत. या दुसऱ्या मार्गावरचे निकाल सीएसव्ही फाइलमधून येत. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले. अशा फाइलला ओळींची मर्यादा नसते.

या फाइल आपोआप उचलून एक्सेलच्या ठरावीक नमुन्यात ओतायच्या आणि तिथून मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवायच्या, अशी प्रक्रिया पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेने बसवली होती. तिथून आकडे रोजच्या तक्त्यावर जात आणि रुग्णांची माहिती संपर्कशोध करणाऱ्यांकडे. एक्सेलचा तो नमुना मात्र एक्सएलएस प्रकारातला होता. नव्वदच्या दशकातला हा प्रकार एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच ठेवतो, कारण ओळीचा क्रमांक १६ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या १६ घरांत, साठवलेला असतो आणि त्यांतून एवढेच वेगवेगळे क्रमांक बनतात. २००७ साली आलेल्या एक्सएलएसएक्स प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींवर गेली. म्हणजे प्रकरण घडलं तेव्हा नवा प्रकार येऊन तेरा वर्षं झाली होती.

आठ दिवसांत पंधरा-सोळा हजार रुग्ण राहिले, म्हणजे दिवसाला सरासरी दोन हजारांच्या आसपास. पासष्ट हजार ओळींच्या फाइलमध्ये एवढेही मावू नयेत? बीबीसीच्या वृत्तानुसार, त्या नमुन्यात एका चाचणीच्या निकालासाठी अनेक ओळी खर्च होत होत्या, त्यामुळे एका फाइलमध्ये साधारण १,४०० रुग्णच बसत. भागाकार करून पाहिला तर एका रुग्णामागे चाळीसहून अधिक ओळी येतात. साथ ओसरलेली होती तेव्हा ही जागा पुरली. सप्टेंबरअखेर रुग्ण वाढले, फाइल भरली, आणि उरलेल्या नोंदी मागे राहिल्या. प्रक्रिया थांबली नाही, कुणाला इशारा गेला नाही. अर्धवट फाइल पूर्ण असल्यासारखी पुढे सरकली. हे लक्षात यायला २ ऑक्टोबरची रात्र यावी लागली.

ज्यांची चाचणी झाली होती त्यांना आपापला निकाल मिळाला होता. तो मार्ग वेगळा होता आणि तो बिघडला नव्हता. राहिलं ते पुढचं काम : फोन करून ‘गेल्या काही दिवसांत तुम्ही कोणाकोणाला भेटलात’ हे विचारणं. संपर्कशोध करणाऱ्यांच्या यादीत ही माणसं आलीच नाहीत, त्यामुळे त्यांच्या संपर्कातले लोक नेहमीप्रमाणे कामावर जात राहिले. ५ ऑक्टोबरला आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी संसदेत सांगितलं की, त्या सकाळपर्यंत यांतल्या ५१ टक्के लोकांशी संपर्कशोधासाठी बोलणं झालं आहे. म्हणजे जवळपास निम्मे तेव्हाही बाकी होते.

याची किंमत किती, हे थिमो फेत्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी मोजायचा प्रयत्न केला. कुठल्या भागातल्या किती नोंदी उशिरा पोचल्या यात मोठा फरक होता आणि तो फरक कुणी ठरवून केलेला नव्हता, त्यामुळे संपर्कशोधाचा परिणाम तपासायला आयता प्रयोगच हाती आला. जिथे जास्त नोंदी अडकल्या तिथे पुढच्या आठवड्यांत साथ जास्त पसरली, असं त्यांना दिसलं. त्यांच्या पहिल्या अंदाजानुसार या चुकीमुळे सव्वा लाखाहून अधिक जादा लागणी आणि दीड हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले. अशा अंदाजात गृहीतकं असतात, आकड्यावर वाद घालता येईल. परिणाम कोणत्या दिशेने झाला, यावर वाद घालणं अवघड आहे.

तातडीचा इलाज म्हणून फाइलचे लहान लहान तुकडे करून ते एकेक भरायला सुरुवात झाली.

मर्यादा वाढवून भागलं नसतं

‘नव्या प्रकारात फाइल ठेवली असती तर सोळापट जागा मिळाली असती’ ही प्रतिक्रिया तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू आली. खरी आहे, पण अपुरी आहे. माझ्या मते दोष ६५,५३६ या आकड्यात नव्हता. दोष हा की एक्सेलची शीट कशालाच नाही म्हणत नाही.

जन्मतारखेच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहा, चालतं. एकच माणूस तीनदा लिहा, चालतं. एकच रकाना निवडून तो क्रमवार लावला आणि बाजूचे रकाने तसेच राहिले, तर एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावापुढे जातो. एक्सेल एकदा विचारतो, पण घाईत दाबलेल्या बटनाचं पुढे कोण काय करणार? मोठी सीएसव्ही फाइल माणसाने हाताने उघडली तर ‘फाइल पूर्ण उघडली नाही’ असा संदेश येतो. मध्यरात्री आपोआप चालणाऱ्या प्रक्रियेत तो संदेश वाचायला कोणी नसतं.

उलट जिथे गप्प बसायला हवं तिथे एक्सेल स्वतःच्या मनाने बदल करतो. याच वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नवे नियम प्रसिद्ध केले आणि काही जनुकांची नावं बदलल्याचं सांगितलं. ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशी नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत होता. सॉफ्टवेअर बदललं नाही म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली! आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. जमिनीच्या यादीत गट क्रमांकाच्या रकान्यात ५/२ लिहून पाहा. भारतीय तारखेची मांडणी असेल तर एक्सेल त्याची ५ फेब्रुवारी करून मोकळा होतो. सातबारा लिहायला गेलात तर ७ डिसेंबर.

हिशेब मांडायला, ‘असं झालं तर काय’ हे करून पाहायला, आलेख काढायला एक्सेलइतकं चांगलं साधन दुसरं नाही. या कामांसाठीच त्याची मोकळीक आहे. माणसांच्या नोंदी ठेवताना तीच मोकळीक नडते.

तेच काम डेटाबेसमध्ये

डेस्कटॉप डेटाबेस म्हणजे आपल्याच संगणकावर, बहुधा एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस : माहितीची टेबलं, ती भरायचे फॉर्म, प्रश्न विचारायच्या क्वेरी आणि छापायचे रिपोर्ट सगळे एकत्र. विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात संगणकाच्या क्लासला गेलेल्यांना डीबेस आणि फॉक्सप्रो आठवत असतील, डीबेसमध्ये तर कोऱ्या पडद्यावर एक टिंब आणि त्यापुढे आपण टाइप करायच्या आज्ञा. नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेस आणलं आणि विंडोजवर तेच रूढ झालं. फुकट हवं असेल तर लिब्रेऑफिसमधलं बेस आहे. पुढची उदाहरणं मी अ‍ॅक्सेसच्या अंगाने देतो, पण तत्त्व सगळीकडे एकच.

सुरुवात कागदावर होते. या प्रकरणात ‘वस्तू’ किती आहेत? रुग्ण, चाचणी, प्रयोगशाळा, आणि रुग्णाने सांगितलेले संपर्क. चार वस्तू, म्हणून चार टेबलं. ‘रुग्ण’ टेबलात क्रमांक, नाव, जन्मतारीख, फोन, पत्ता. ‘चाचणी’ टेबलात चाचणी क्रमांक, नमुना क्रमांक, रुग्ण क्रमांक, प्रयोगशाळा क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख, निकालाची तारीख, निकाल. एका चाचणीला एकच ओळ. त्याच माणसाची दुसरी चाचणी झाली तर ‘चाचणी’ टेबलात आणखी एक ओळ येते. नाव-पत्ता पुन्हा लिहावा लागत नाही. एका निकालामागे चाळीस ओळी अशी मांडणी इथे उभीच राहत नाही.

प्रत्येक टेबलात एक रकाना असा लागतो की ज्यात कधीच दोन सारख्या किमती नसतील आणि जो कधीच रिकामा नसेल. ही प्रायमरी की. नावाला प्रायमरी की करायचा मोह नवशिक्यांना हमखास होतो. कुठल्याही गावची मतदारयादी उघडा : पाटील आडनावाची, त्याच नावाची, त्याच वडिलांच्या नावाची दोन माणसं सापडतील. आणि एकच माणूस एका यादीत ‘सु. रा. पाटील’, दुसरीत ‘पाटील सुरेश रामचंद्र’ असा सापडेल. म्हणून क्रमांक. तो अ‍ॅक्सेसला आपोआप देऊ द्या, किंवा प्रयोगशाळेने नमुन्याला दिलेला क्रमांक पक्का असेल तर तो वापरा.

मग टेबलं जोडायची. ‘चाचणी’मधला रुग्ण क्रमांक ‘रुग्ण’ टेबलात असलाच पाहिजे, ही अट एकदा घातली की अस्तित्वात नसलेल्या रुग्णाची चाचणी नोंदवता येत नाही, आणि ज्याच्या चाचण्या नोंदलेल्या आहेत तो रुग्ण चुकून खोडता येत नाही. माहिती अशी टेबलांत मोडून क्रमांकांनी जोडायची, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना मांडली. कॉड मूळचे इंग्लंडमधल्या डॉर्सेटचे. पन्नास वर्षांनी त्यांच्याच मायदेशात हा गोंधळ व्हावा, याला काय म्हणायचं!

यापुढचा भाग कंटाळवाणा वाटतो आणि म्हणूनच लोक तो टाळतात : प्रत्येक रकान्याचा प्रकार आणि अटी ठरवणं. तारखेचा रकाना तारीखच घेईल, ३१ फेब्रुवारी घेणार नाही. फोन हा मजकूर म्हणून ठेवायचा, कारण फोन नंबरांची बेरीज कोणी करत नाही आणि आकडा म्हणून ठेवला तर सुरुवातीचा शून्य उडतो. निकाल तीनच किमतींतून निवडायचा. नमुना क्रमांक रिकामा चालणार नाही. निकालाची तारीख नमुन्याच्या तारखेआधीची असू शकणार नाही. नमुना क्रमांक दोनदा येणार नाही, म्हणजे तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा भरली तरी आकडे फुगणार नाहीत.

अशा अटी घातलेलं टेबल खिडकीमागच्या खत्रूड कारकुनासारखं वागतं. अर्जात एक रकाना कोरा दिसला की अर्ज परत. त्रास होतो, चिडचिड होते, पण त्याच्या फायलीत अर्धवट अर्ज सापडत नाही.

आता मुख्य प्रसंग : प्रयोगशाळेची सीएसव्ही फाइल आत घेणं. अ‍ॅक्सेसमध्ये मजकुराची फाइल आयात करताना एखादी किंमत रकान्याच्या प्रकारात बसली नाही, तर तिची नोंद वेगळ्या टेबलात होते : कोणत्या ओळीत, कोणत्या रकान्यात, कशामुळे. एका टेबलातून दुसऱ्यात ओळी टाकणारी क्वेरी चालवली आणि काही ओळी अटींत अडकल्या, तर पडद्यावर हिशेब येतो : इतक्या ओळी क्रमांक दुबार असल्यामुळे, इतक्या अट मोडल्यामुळे घेतल्या नाहीत, पुढे जाऊ का? आणि फाइल कमाल आकाराला पोचली तर त्रुटी येऊन काम तिथेच थांबतं.

इथे एक कबुली सॉफ्टवेअरच्या वतीने द्यायला हवी. अ‍ॅक्सेसमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने इशारे बंद करण्याची एक ओळ घातली की हा सगळा हिशेब पडद्याआड जातो आणि अडकलेल्या ओळी निमूट गळतात. ती ओळ लिहिली जाते, कारण रोज तोच संदेश बंद करायचा लोकांना कंटाळा येतो. तेव्हा ‘डेटाबेस घेतला म्हणजे सुटलो’ असं नाही. म्हणून मी आणखी एक टेबल करतो, पाचवं, आणि माझ्या दृष्टीने ते बाकी चारांपेक्षा महत्त्वाचं : ‘आवक’. त्यात फाइलचं नाव, प्रयोगशाळा, तारीख, फाइलमध्ये किती ओळी होत्या आणि टेबलात किती शिरल्या. यावर एकच क्वेरी : शेवटचे दोन आकडे जिथे जुळत नाहीत त्या नोंदी दाखव. रोज सकाळी ती रिकामी यायला हवी. असं एखादं टेबल त्या प्रक्रियेत असतं तर पहिल्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, त्यात ओळ दिसली असती.

क्वेरीची खरी गंमत पुढे आहे. अ‍ॅक्सेसमध्ये दोन टेबलांतल्या न जुळणाऱ्या नोंदी शोधायची तयार सोय आहे. ‘चाचणी’त निकाल बाधित आहे, पण ‘संपर्क’ टेबलात ज्याच्या नावे एकही ओळ नाही, असे रुग्ण दाखव, एवढं सांगितलं की अजून फोन न झालेल्यांची यादी हातात येते. एक्सेलमध्येही सूत्रं लावून हे काढता येतं. पण तिथे ते दर वेळी कोणीतरी आठवणीने करावं लागतं, इथे क्वेरी एकदा जतन केली की उघडली की ताजी.

फॉर्म आणि रिपोर्टबद्दल थोडक्यात. फोन करणाऱ्याला टेबल दाखवायचं नसतं. त्याला एका वेळी एक रुग्ण आणि खाली त्याच्या संपर्कांची कोरी यादी असा फॉर्म द्यायचा. जिल्हावार रोजची संख्या हा रिपोर्ट. दोन्ही अ‍ॅक्सेसचे विझार्ड, म्हणजे प्रश्न विचारत टप्प्याटप्प्याने काम करून देणाऱ्या सोयी, बऱ्यापैकी बनवून देतात. सजावटीत दिवस घालवू नयेत.

मग देश अ‍ॅक्सेसवर चालवायचा?

नाही. अ‍ॅक्सेसची एक फाइल २ जीबीपर्यंतच वाढते. कागदावर एका वेळी २५५ जण ती वापरू शकतात, प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी ती रडकुंडीला येते, आणि नेटवर्कवर ठेवलेली फाइल जोडणी तुटली की बिघडू शकते. देशभरच्या प्रयोगशाळांसाठी पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल यांसारखा सर्व्हरवरचा डेटाबेस हवा. तिथे टेबलं, की, अटी अशाच असतात. फक्त फाइल कोणाच्या टेबलावरच्या संगणकात नसते. अ‍ॅक्सेस तेव्हाही टाकाऊ होत नाही. सर्व्हरवरची टेबलं त्याला जोडून घेता येतात आणि फॉर्म-रिपोर्टपुरतं ते वापरता येतं.

जुनी यंत्रणा बदलायचा निर्णय जुलैमध्येच झाला होता, असंही हॅनकॉक यांनी संसदेत सांगितलं. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था पुढे १ ऑक्टोबर २०२१ रोजी बंद झाली आणि तिचं बरंचसं काम नव्या आरोग्य सुरक्षा यंत्रणेकडे गेलं. ती या चुकीची शिक्षा होती असं काही ठिकाणी सुचवलं जातं. पण विसर्जनाची घोषणा ऑगस्ट २०२० मधली, म्हणजे प्रकरणाच्या आधीची.

आपल्या वाचनालयाची, गृहनिर्माण संस्थेची किंवा दवाखान्याची यादी मात्र डेस्कटॉप डेटाबेसमध्ये आरामात मावते. एक्सेलमधून तिथे जाताना क्रम असा ठेवा. आधी सगळे रकाने नुसता मजकूर असलेल्या एका कच्च्या टेबलात जशीच्या तशी यादी घ्या. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आहे ना, ते तपासा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर आधी रूपांतर करा; नाहीतर पडद्यावर ‘जोशी’ दिसेल, पण शोधल्यावर सापडणार नाही आणि नावांचा अकारविल्हे क्रमही लागणार नाही. मग कच्च्या टेबलातून अटी घातलेल्या पक्क्या टेबलांत ओळी पाठवा. कच्चं टेबल खोडू नका. पहिल्या खेपेला नाकारलेल्या ओळींची यादी लांबलचक येईल : रिकाम्या तारखा, नऊ आकडी मोबाइल, दोन सभासदांना एकच क्रमांक. ती यादी छापा आणि मूळ रजिस्टर ज्यांनी लिहिलं त्यांच्याबरोबर बसून एकेक ओळ विचारा. संगणकावर अंदाजाने भरू नका.